हेर्ले, चोकाक, अतिग्रे

हल्ली एखाद्या समारंभात कुणी माईक हातात घेऊन दोन वाक्यांच्या पुढे गेलं, तर लोक त्याला पाणी आणून देतात. बिचाऱ्याला काही होत असावं, असा त्यांचा समज होतो. भाषणांचे दिवस गेले. त्यांच्या जागी ठसा आला. लग्न असो, बारसं असो, सोसायटीची वार्षिक सभा असो, दिवे मंद होतात, पडद्यावर एक चित्र जेमतेम सेकंदभर लखलखतं, आणि दिवे पुन्हा लागतात तेव्हा सगळ्यांना सगळं समजलेलं असतं. समजलेलं तर असतंच, वर पटलेलंही असतं. सोसायटीची सभा पूर्वी चार तास चालायची आणि वर्षभर पुरेल एवढं वैर सभासदांना घरी न्यायला मिळायचं. आता ती चहा निवायच्या आत संपते आणि माणसं एकमेकांकडे बघून हसत घरी जातात. बघवत नाही.

ठसचित्र हे त्याचं पूर्ण नाव. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी इन्फोग्राफिक नावाचा एक प्रकार असे. एका पानावर चार वर्तुळं, सहा बाण, छत्री धरलेला एक माणूस आणि खाली बारीक अक्षरांत आकडे. बघणारा 'छान आहे' म्हणायचा आणि पुढे सरकायचा. ठसचित्र हे त्याचंच नातवंड, पण आजोबांच्या अगदी उलट वळणाचं. ते बघायला वेळ लागत नाही आणि विसरायची सोय नाही. सातवीचा इतिहास आता एका दुपारी होतो. मधुमेह झालेल्या माणसाला डॉक्टर पथ्याचा ठसा दाखवतात, आणि त्यानंतर तो जिलबीकडे परक्याच्या लग्नपत्रिकेकडे बघावं तसं बघतो.

तर मयूरेश चौगुलेच्या आईचं सहस्रचंद्रदर्शन आलं होतं. मयूरेश म्हटल्यावर कुणी तरुण पोरगा डोळ्यांसमोर आणू नये. ही नावं आता साठीच्या पुढच्यांचीच उरली आहेत. कोल्हापुरात राजारामपुरीत त्याचं नळांचं दुकान. आईनं, म्हणजे उज्ज्वलाबाईंनी, हजार पौर्णिमा पाहिल्या असा सोयीस्कर हिशेब धरून तिन्ही मुलांनी हॉल घेतला होता, आणि ठसा करायचं काम थोरला म्हणून मयूरेशकडे आलं होतं. ठशाशिवाय सहस्रचंद्रदर्शन म्हणजे अक्षतांशिवाय लग्न. शिवाय गेल्या वर्षी नंदाआत्याचा ठसा झाला, तेव्हाच आईनं विचारून ठेवलं होतं, "नंदीचा केलासा. मी काय घोडं मारलंय?"

ठसा करायची साधनं ऑनलाइन पैशाला पासरी मिळतात. मयूरेशनं ती नळासारखी पारखायला घेतली. त्याला दुसरं काही पारखता येत नव्हतं. बायकोसुद्धा त्यानं 'आटे घट्ट आहेत' म्हणून पसंत केली होती, असं त्याचा धाकटा भाऊ तुषार सांगतो.

पहिलं साधन 'रांगोळी'. फुकट. ठिपके जोडत बसायचं आणि शेवटी चित्रावर तिरकं 'मोफत आवृत्ती' असं उमटणार. मयूरेशच्या मते हा प्लॅस्टिकचा नळ. पाणी येतं, पण जरा आवळायला गेलं की फिरतच राहतो. रांगोळीचा ठसा निम्म्या लोकांच्या डोक्यात शिरतो, बाकीच्यांना नुसतं चित्र दिसतं.

दुसरं 'चित्रगुप्त'. हे माणसाचे गुण आणि दोष शेजारी शेजारी दोन खांबांत उभे करून दाखवतं. पितळी नळ. जड, टिकाऊ, आणि दोन वर्षांत हिरवा पडणारा. आईला हे चाललं असतं, पाहुण्यांना चाललं नसतं. आईच्या दोषांच्या खांबात पाहुण्यांचीच नावं आली असती.

तिसरं 'एकनजर'. हा सेन्सरचा नळ. हात पुढे केला की पाणी. किती सोडायचं, कधी थांबायचं, यातलं काही आपल्या हातात नाही, पण एक थेंब वाया जात नाही. शंभर माणसांनी बघितलं की शंभर जणांच्या डोक्यात सारखंच बसणार, याची कंपनीकडून हमी.

"एकनजरच घ्यावं म्हणतो," मयूरेश भाचीला म्हणाला. भाची म्हणजे बहीण पल्लवीची मुलगी, डॉक्टर इरा. विद्यापीठात ती ठशाचंच संशोधन करते, आणि दुपारच्या सुट्टीत मामाच्या दुकानात येऊन शॉवरच्या खोक्यांवर बसून भडंग खाते.

"मामा, ठसा काम कसं करतो ते माहिती आहे का तुला?"

"नळ कसा काम करतो ते गिऱ्हाइकाला माहिती असतं का? पाणी आल्याशी कारण."

"तरी ऐक. आठवण म्हणजे डोक्यात ठेवलेला फोटो नसतो. तिचे तुकडे असतात. वास एका कोपऱ्यात, आवाज दुसऱ्या कोपऱ्यात, त्या वेळी आलेला राग तिसरीकडे. आठवायचं म्हटलं की मेंदू दर वेळी सगळीकडे पळून ते गोळा करतो."

"दमत असेल."

"दमतोच. म्हणून तो कंजूष आहे. हॉलच्या दारात कमान असते बघ, गुलाबपाणी शिंपडणारी? ती तेवढ्यात प्रत्येकाचे डोळे कसे फिरतात ते टिपून घेते. मग पडद्यावरचं चित्र एकच असलं तरी त्यातली चमक प्रत्येकाच्या नजरेच्या वळणानं आत जाते. माणसाला शंका यायला अर्धा सेकंद लागतो. ठसा त्याआधी आत शिरून कडी लावून बसलेला असतो. मेंदूला वाटतं, अरे वा, हे तर मीच जुळवून ठेवलेलं दिसतंय. मग सुटे तुकडे सांभाळायचे कशाला?"

"टाकून देतो?"

"गुऱ्हाळ बघितलंयस ना? रस आटून गूळ झाला की चिपाडं कुठं जातात?"

"चुलवाणात," मयूरेश म्हणाला. कोल्हापूरच्या माणसाला हे विचारायचं म्हणजे माशाला पाणी कसं असतं विचारण्यासारखं होतं. "त्या चिपाडांवरच तर रसाची काहील तापते."

"तेच. आठवणींचे तुकडे जाळूनच ठसा पक्का होतो. जे चित्रात घेतलं ते राहिलं. त्याच्याशी न जुळणारं आधी जळतं. पाढ्यांना, पथ्याला हे उत्तम आहे, माणसं वाचलीत याच्यामुळे. फक्त माणसाचा ठसा करू नये, असं आम्ही लॅबमधले म्हणतो. आणि खपतात सगळ्यात जास्त माणसांचेच."

मयूरेश हसला. "तुम्हा शास्त्रज्ञांना सगळ्यात भोकं दिसतात. नंदाआत्याचा केलाच की. काय बिघडलं? उलट परवा एक गिऱ्हाईक काय सांगत होतं, नंदाआत्या म्हणे शिव्या द्यायची. तिच्या शिव्या ऐकायला पोरं मुद्दाम तिच्या दारात क्रिकेट खेळायची म्हणे. त्याला फुकट दिलेले दोन वॉशर मी परत मागितले. आपली नंदाआत्या! 'बाळांनो'शिवाय जिच्या तोंडून शब्द येत नाही!"

"तो आत्याच्या कार्यक्रमाला होता?"

"नव्हता. गावाला गेला होता."

"आणि तू?"

"पुढच्याच रांगेत."

इरानं भडंगातला एक शेंगदाणा शोधून खाल्ला. "मीपण पुढच्याच रांगेत होते," ती म्हणाली. "त्यामुळे मलाही ती गोडच आठवते."

मयूरेशला हे नीटसं पचलं नाही, पण तेवढ्यात कुणीतरी कमोडचं झाकण मागायला आलं आणि विषय राहिला.

एकनजरनं कामाला लागल्याबरोबर तिन्ही भावंडांना प्रश्न पाठवले. आई स्वभावानं कशी, काय करायची, सर्वांत ठळक प्रसंग कोणता. पहिल्या दोन्हींत फारसं काही नव्हतं. तिसऱ्यानं घात केला. कारण तिघांनी एकच प्रसंग लिहिला आणि तिघांनी तो स्वतःच्या नावावर लिहिला.

प्रसंग असा. आई एसटीत कंडक्टर होती. कोल्हापूर–सांगली. मुलं शाळेला आईच्याच गाडीनं जायची. एके दिवशी पोरगं पास घरी विसरलं. आईची गाडी आहे, कोण विचारतंय, अशा थाटात ते खिडकीशी बसलं. आई तिकिटाचं यंत्र घेऊन आली, म्हणाली, "पास?" पोरगं हसलं. आई हसली नाही. पुढच्या थांब्यावर तिनं दोरी ओढून गाडी थांबवली, पोटच्या पोराला खाली उतरवलं, आणि डबल बेल मारून गाडी नेली.

एवढ्यावर सगळ्यांचं एकमत होतं. भांडण होतं ते पोरगं कोण आणि थांबा कोणता, यावर. मयूरेश म्हणायचा मी, हेर्ले. पल्लवी म्हणायची मी, चोकाक. तुषार म्हणायचा मी, अतिग्रे. चाळीसेक वर्षं हे चाललं होतं. दिवाळी, गणपती, कुणाचं तेरावं, काही असो, तिघं जमली की तासाभरात गाडी हेर्ल्यावर यायचीच.

त्या संध्याकाळी फोनवर तिघांचे चेहरे एकदम उगवले.

"दादा, तू एकनजरला खोटं लिहिलंस," तुषार पुण्याहून म्हणाला.

"मी? थांब्यावर चिंचेचं झाड होतं, माझ्या दप्तरात कैरी होती, डबल बेलचा टण् टण् अजून कानात आहे माझ्या."

"चिंचेचं झाड चोकाकला होतं," पल्लवी इचलकरंजीहून म्हणाली. "आणि ती कैरी माझी होती. तू मागाहून खाल्लीस ती."

"तुम्ही दोघं थोरले, तुम्हाला बाकी सगळं मिळालं," तुषार म्हणाला. "नवी सायकल दादाला, नवी पुस्तकं पल्लूला. मला काय? अतिग्रे! तेवढं तरी माझ्याकडे राहू द्या की."

फोन नेहमीप्रमाणे कुणीतरी रागानं बंद केला. तेवढ्यात एकनजरचा निरोप आला: 'ठळक प्रसंगाबाबत एकमत आढळले नाही. ठशात एकच अपत्य दाखवता येईल. निवडीचा अधिकार ज्येष्ठ अपत्यास आहे. कृपया नाव निवडा.' खाली तिघांचे चेहरे होते.

मयूरेशचं बोट स्वतःच्या चेहऱ्यावर गेलं आणि अधांतरी राहिलं. एकदा दाबलं की संपलं. तुषार, पल्लवी, पाहुणे, आई, सगळ्यांच्या डोक्यात जन्मभर एकच पोरगं उतरणार होतं. हेर्ल्याला. आईनं कुणाची पर्वा न करता ज्याला माणूस करायचं ठरवलं, ते एकच पोरगं. तो खरं बोलत होता याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. तरी बोट खाली येईना. इराची चिपाडं मध्येच आठवत होती. शेवटी त्यानं चपला घातल्या आणि तो आईकडे गेला.

आई दोन गल्ल्या सोडून, स्वतःच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. कुणाकडे राहायला गेलं की तिला मागच्या सीटवर बसल्यासारखं वाटतं, म्हणून. ती गवारीच्या शिरा काढत होती.

"आई, आज खरं सांग. त्या दिवशी कुणाला उतरवलंस?"

"आज काय नवीन? वर्षानुवर्षं इचारताय, म्या कवा सांगितलंय?"

"ठशात एकाचंच नाव येतंय. माझं घालतोय. तुझ्या कानावर घालावं म्हटलं."

"घाल की. मग बाकीच्या दोघांचं काय?"

"त्यांचं काय? त्यांना तू उतरवलंच नाहीस."

आईनं एक शेंग उलटीपालटी करून बघितली, जून म्हणून बाजूला टाकली. "तिघांस्नी उतरवलंय."

"काय?"

"तुला हेर्ल्याला. मग पुढं पल्लीला चोकाकला. आणि तुषारला अतिग्र्याला. एकाला उतरवलं म्हटल्यावर दुसऱ्याला सोडून चालतंय व्हय? गाडीभर माणसं बघत्यात. पास इसरायचं खूळ तुमच्या बापाचं, तिघांत सारखं वाटलं गेलंय. मीबी सारखंच वाटलं."

मयूरेश खाली बसला. त्याच्या हातात आपोआप गवार आली. आईसमोर रिकामं बसायची या घरात पद्धत नव्हती.

"मग तो कांबळेमामा?" त्यानं विचारलं. "मागच्या गाडीचा कंडक्टर. मी रडत उभा होतो, त्यानं मला बिनतिकिटाचं उचललं, शाळेच्या दारात सोडलं. मी आजवर म्हणतो, आईपेक्षा तो देवमाणूस."

"देवमाणूस!" आई म्हणाली. "त्याला फोन कुणी केलावता? माझं कार्टं थांब्यावर हुबं हाय, उचलून आण, तिकीट मी फाडलंय म्हणून? तिन्ही येळंला मीच केलाय. मागची गाडी दिसस्तवर माझा जीव थाऱ्यावर नसायचा. एकदा त्या नादात सांगलीच्या माणसाला मिरजेचं तिकीट दिलं."

"आम्हाला सांगितलं का नाहीस कधी?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिशी परत पास इसरला असता."

मयूरेश उठायला लागला. "थांब, त्या दोघांना फोन करतो. तिघंही खरं बोलतोय म्हणून सांगतो."

"अजिबात न्हाई!" आईनं कंडक्टरच्या आवाजात सांगितलं, आणि मयूरेश जागच्या जागी बसला. "त्या भांडणाच्या पायी तर येताय तिघं. तुषार पुण्यावनं येतोय त्यो काय माझी गवार खायाला? चपला काढायच्या आत अतिग्र्यावर येतोय. मी आत च्या टाकते नि ऐकत बसते. लोकांची पोरं भांडत्यात, आईनं मला काय दिलं न्हाई म्हणून. माझी भांडत्यात, आईनं मलाच उतरवलं म्हणून. अशी म्हातारी दाखव मला दुसरी. मिटलं तर यायचं कशाला मग?"

मयूरेशनं घरी येऊन एकनजरचं काम रद्द केलं. एकनजरनं कारण विचारलं. दिलेल्या कारणांत त्याचं कारण नव्हतं, म्हणून त्यानं 'इतर' निवडलं.

मग तो रांगोळी घेऊन बसला. साठी उलटलेला माणूस ठिपके जोडतो म्हणजे जे होतं तेच झालं. एसटी घरापेक्षा मोठी झाली. आईच्या गळ्यातली कंडक्टरची पिशवी ढोलासारखी दिसायला लागली. रस्त्यावर त्यानं तीन थांबे काढले, आणि त्यांच्या बरोबर मध्ये, कुठल्याच थांब्यावर नाही अशा जागी, एक पोरगं उभं केलं. बिननावाचं. मुलगा की मुलगी तेही कळू नये म्हणून त्याला टोपी घातली. वर तिरकं 'मोफत आवृत्ती' उमटलं. इतका वाईट ठसा त्यानं आजवर कुठल्या समारंभात बघितला नव्हता. तो समाधानानं झोपला.

हॉलच्या दारात कमान होती. तिनं गुलाबपाणी शिंपडलं, प्रत्येकाचे डोळे टिपून घेतले. ही तिथली रोजचीच पद्धत, म्हणून मयूरेशनं लक्ष दिलं नाही. औक्षण झालं. आईला शाल पांघरून पडद्याच्या अगदी समोर बसवलं. दिवे मंद झाले, रांगोळीचा ठसा लखलखला, आणि अपेक्षेप्रमाणे फसला. एका मावशीच्या डोक्यात आई एसटी चालवायची असं पक्कं बसलं. दोन व्याह्यांना आई ढोलपथकात होती असं वाटलं. उरलेल्यांनी चित्र नीट बघायला मागितलं.

"ते टोपीवालं पोरगं कोण?" तुषारनं विचारलं. "मीच ना?"

"तुला टोपी कधी होती?" पल्लवी म्हणाली. "टोपी माझी."

"पोरगं हेर्ल्याच्या बाजूला झुकलंय, नीट बघा," मयूरेशनं तेल ओतलं.

पाच मिनिटांत पाहुण्यांचे तीन तट पडले. आई इतकी हसली की शाल खांद्यावरून घसरली. लांबून तिनं मयूरेशकडे बघून डोळे मिचकावले. तिनं त्याच्याकडे असं याआधी कधी बघितल्याचं त्याला आठवत नव्हतं. मयूरेशचा ऊर भरून आला, आणि असा ऊर भरून आला की तो हात धुवायला जातो. तसा गेला.

बेसिनचा नळ गळत होता.

दुसऱ्या कुणी दुर्लक्ष केलं असतं. मयूरेशला गळता नळ बघून पुढे जाता येत नाही. लोकांच्या घरी सांत्वनाला गेला तरी तो आधी मोरीत डोकावतो. खिशात टेफ्लॉनची टेप असतेच. त्यानं बाह्या सारल्या, नळ उतरवला, आट्यांवर टेप गुंडाळली. मागे हॉलमधले दिवे पुन्हा एकदा मंद झाल्याचं त्याला भिंतीवर दिसलं. जेवणासाठी असेल, असं वाटून त्यानं नळ बसवला. आटे नीट बसले. थेंब थांबला.

तो परत आला तेव्हा हॉल शांत होता. सगळे एकमेकांकडे बघून हसत होते.

तुषारनं येऊन त्याला मिठीच मारली. "दादा, कसा झाला आमचा ठसा? तू एकनजरचं काम रद्द केलंस ते आम्हाला दिसलं. मी पल्लूला म्हटलं, बघ, दादाला स्वतःचं नाव घालायला संकोच वाटला असणार. मग तुझ्यानंतर अधिकार तिचा. आम्ही दोघांनी ते काम परत चालू केलं आणि तिनं तुझं नाव दाबलं. सरप्राइज!"

"माझं नाव?" मयूरेशनं त्याला मिठीतून दूर केलं. "अरे, पण तुझं अतिग्रे?"

"अतिग्र्याचं काय?"

"तुला उतरवलं होतं ना आईनं? अतिग्र्याला? तुझं तेवढंच तर आहे म्हणायचास!"

तुषार मनापासून हसला. "मला? मी जन्मात कधी पास विसरलो नाही. तूच तो. हेर्ल्याला. चिंचेच्या झाडाखाली, दप्तरात कैरी."

"पल्लू, तू तरी सांग. चोकाक. टोपी. माझी कैरी म्हणून आत्ता भांडत होतीस तू."

"मी?" पल्लवीनं त्याच्या दंडावर हात ठेवला. "दादा, इतक्या वर्षांनी सगळं छान चाललंय, त्यात खोडा नको घालूस."

तेव्हा मयूरेशनं आईला दिलेला न बोललेला शब्द मोडला. तिघांनाही उतरवलं होतं, आईनं स्वतः सांगितलं, गवार निवडताना, कांबळेमामाला फोन तिनंच केला होता, तिन्ही वेळा. तो भरभर बोलत गेला. दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बघ," पल्लवी तुषारला म्हणाली. "स्वतःचं आहे तेही आपल्यात वाटायला निघालाय. असा थोरला भाऊ मिळायला भाग्य लागतं."

मयूरेशनं इराला गाठलं. ती पानाला चुना लावत होती. "तू तरी. तूच मला चिपाडांचं सांगितलं होतंस."

तिनं पान खाली ठेवलं. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. लॅबमध्ये बघत असेल तशी, आणि मग तशी नाही. "तू ठसा बघितला नाहीस," ती हळूच म्हणाली.

"नळ दुरुस्त करत होतो."

"मग तू म्हणतोस तेच खरं असणार, मामा. माझी तशी खात्री आहे. फक्त मला आठवत नाही. मला अगदी स्वच्छ आठवतंय की या घरात हेर्ल्यावरून कधीच वाद नव्हता. ठसा अजून मशीनवर आहे. तूही बघ, हवं तर. सेकंदाचं काम आहे. मग त्रास नाही."

एरवी तिन्ही भावंडं जमली की संध्याकाळी शेजारी येऊन दार लावून घ्या म्हणेपर्यंत उठत नसत. आज जेवण झाल्याबरोबर तुषारनं पुण्याची गाडी काढली. आता सगळं छान आहे, तो म्हणाला, दिवाळीला बघू, जमलं तर. पल्लवीही निघाली. कुणी रागावलेलं नव्हतं.

आई खुर्चीतच होती, मांडीवर नारळ. मयूरेश तिच्या पायाशी बसला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "तुला एकट्यालाच उतरवलंवतं रं मी," ती म्हणाली. "थोरला म्हणून. लई जीव तुटला माझा." आयुष्यभर त्याला जे ऐकायचं होतं, ते हेच होतं, आणि ते आता त्याला कुणाकडूनही जिंकून घ्यायचं उरलं नव्हतं.

"आई," तो म्हणाला, "तुला एक गोष्ट सांगतो. एक कंडक्टर होती."

"कुठल्या गाडीवर?"

"सांगलीच्याच. तिला तीन पोरं. तिघांनी एकेकदा पास विसरला, आणि तिनं तिघांनाही उतरवलं. एकाला हेर्ल्याला, एकीला चोकाकला, एकाला अतिग्र्याला."

"तिघांस्नी?" आई पुढे वाकली. "सारखंच केलं म्हणायचं. मग? पोरं घावली का?"

"घावली. मागच्या गाडीनं आली. पोरांना वाटलं, मागचा कंडक्टर देवमाणूस. पण त्याला फोन तिनंच केला होता. तिकीट तिनंच फाडलं होतं. आणि पोरांना कधी सांगितलं नाही."

"का न्हाई सांगितलं?"

"दुसऱ्या दिवशी परत पास विसरतील म्हणून."

आईला हे फार पटलं. नारळावर हात फिरवत ती स्वतःशीच हसली, आणि अनोळखी माणसाविषयी बोलावं तसं, कौतुकानं म्हणाली,

"बरी हुती की रं ती बाई."